सातवी पाचर

माझ्या नवऱ्याने मला कधी मारलं नाही. दारू पिऊन तमाशा केला नाही, बाहेर दुसरं काही लफडंही केलं नाही. त्याने आठशे लोकांसमोर माइकवर एक विनोद केला, बस. एवढ्याशावरून कोणी नवऱ्याला घराबाहेर काढतं का, असं तीन वर्षं मला जो तो विचारत होता. मावशीने विचारलं, शेजारणीने विचारलं, दातांच्या डॉक्टरने तर माझ्या तोंडात कापूस कोंबून विचारलं, म्हणजे उत्तर द्यायची सोयच नाही. काढतं. मी काढला.

मी पियानो सुरात लावते. काम वडिलांचं. शाळेत असल्यापासून मी बाबांच्या पिशवीमागे फिरले आणि त्यांच्याकडूनच शिकले. पियानोच्या बहुतेक सुरांना तीन-तीन तारा असतात. त्यातली एक लावायची तर उरलेल्या दोघींना गप्प बसवावं लागतं. त्यासाठी तारांच्या फटीत रबराची लहानशी पाचर खोचायची. आमच्या पत्र्याच्या डबीत अशा सात पाचरी आहेत. काम संपलं की मोजायच्या, सात भरल्या की डबी बंद. बाबा जेवायचं विसरतील, चष्मा विसरतील, एकदा तर मलाच एका शाळेत विसरून आले होते, पण पाचरी मोजल्याशिवाय त्यांनी डबी कधी बंद केली नाही. शहरातल्या मोठ्या सभागृहातला लांबलचक काळा पियानो त्यांनी एकतीस वर्षं सांभाळला. त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तो माझ्याकडे आला.

आणि नवरा जाझ वाजवतो. पियानोवरच. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, जाझमध्ये धून ठरलेली असते, पण ती एकदा वाजवून झाली की पुढचं सगळं तिथल्या तिथे सुचेल तसं. बोलताना आपण करतो तेच. आमची ओळख एका हॉटेलच्या लॉबीत झाली. तो तिथे दुपारी जेवणाऱ्यांसाठी वाजवायचा आणि त्याच्यापेक्षा काटेचमच्यांचा आवाज मोठा असायचा. मी पियानो लावायला गेले होते. तो म्हणाला, "सगळे सूर लावा, पण खालचा तो एक तेवढा राहू द्या. जरा रडका आहे, मला आवडतो."

"तुम्हाला आवडेल हो," मी म्हटलं, "पण नाव माझं जाईल."

तो खो खो हसला. वर्षाच्या आत आमचं लग्न झालं.

त्याला किती मोठं व्हायचंय हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. जेवताना त्याचा डावा हात टेबलावर वाजवत असायचा, झोपेत माझ्या पाठीवर. गॅसवर दूध ठेवून पियानोवर बसायचा. आमच्या घरातलं एकही पातेलं बुडाशी धड नव्हतं. पण लॉबीतून आला की खुर्चीत अंग टाकून सांगायचा, "आज एकाने मान वर करून बघितलं." तेवढ्यावर त्याचा अख्खा आठवडा आनंदात जायचा. अशा माणसाचा राग तरी कसा यावा? मलाच वाटायचं, एकदा सगळ्या जगाने मान वर करून ह्याच्याकडे बघावं.

तसा दिवस आला. रविवारची दुपार, मोठं सभागृह, आठशे खुर्च्या भरलेल्या. पहिल्या रांगेत एका रेकॉर्ड कंपनीची बाई, जी कलाकारांना जगभर फिरवायची. तिसऱ्या रांगेत बाबा. पियानो मी लावलेला. चौथ्या गाण्यात तो एका अवघड जागी सुसाट वर चढला आणि बोट घसरलं. दोन सूर धडधडीत चुकले. होतं असं. भल्याभल्यांचं होतं. पुढे वाजवत राहायचं, कोणाच्या बापाला कळत नाही. पण ह्याच्या अंगात काय संचारलं कोण जाणे! तो थांबला. उठला. पियानोत वाकून तारांकडे बघितलं, मान हलवली, माइक जवळ ओढला आणि म्हणाला, "माफ करा, आज पियानोची तब्येत बरी नाही. लावणारी माझी बायकोच आहे, म्हणजे तक्रार करायचीसुद्धा सोय नाही!"

लोक पोट धरून हसले. टाळ्या पडल्या. कंपनीची बाई डोळे पुसत होती. मी पडद्याआड उभी होते. आणि त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट सांगू? क्षणभर मलाच वाटलं, खरंच एखादी तार उतरली असेल का?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा काठी टेकत सभागृहात गेले आणि अठ्ठ्याऐंशीच्या अठ्ठ्याऐंशी सूर तपासून आले. "सगळे जागेवर आहेत," म्हणाले. मी विचारलं, "तुम्हाला शंका होती?" ते बुटाच्या नाड्या सोडत बसले. नाड्या सुटल्या तरी सोडतच होते. माझ्या हाताला धरून ज्यांनी मला काम शिकवलं, त्या माणसाला माझ्या कामाची शंका आली, आणि ती माझ्या नवऱ्याने आणवली. हे मी मावशीला कसं समजावणार होते?

बाकीचं भराभर झालं. सभागृहाने दुसरा माणूस नेमला. संगीतशाळेच्या बाई "बघू पुढच्या वर्षी" म्हणाल्या. नवऱ्याला मोठा दौरा मिळाला, विमानाचा. मी त्याला एकच सांगितलं, "जाऊन सांग त्यांना, पियानो ठीक होता म्हणून." तो म्हणाला, "अगं, आत्ता कुठे सुरुवात होतेय. आणि कोणाच्या लक्षात राहणार आहे?" मी त्याची बॅग भरून जिन्यात ठेवली. शर्ट इस्त्री करून ठेवले होते, त्याबद्दल मी पुढे स्वतःला पुष्कळ शिव्या घातल्या.

तीन वर्षं मी घरोघरचे पियानो लावले. एकात कंगवा सापडला, एकात अर्धं बिस्कीट, एकात कोणाचं तरी प्रगतिपुस्तक. त्याचे निरोप यायचे, ते मी न ऐकता पुसून टाकायचे. रेडिओवर तो लागला की रेडिओ बंद करायचे. मग पाच मिनिटांनी, संपलं असेल या हिशेबाने परत लावायचे, तर तो वाजवतच असायचा. लांबण लावायची सवय त्याची जुनीच. तेवढं मात्र ऐकायचे.

असा तो एका मंगळवारी भर दुपारी दारात उभा. वाळलेला, कानशिलं पांढरी झालेली, हातात तीच बॅग. माझ्या खांद्यावर ओले कपडे.

"आत येऊ का?"

"पाय पुसून ये." सवयीने तोंडातून गेलं. त्याने भलता अर्थ काढू नये म्हणून लगेच म्हटलं, "दहा मिनिटं."

तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीच्या कडेवर बसला, परक्याच्या घरी बसावं तसा. "रविवारी दुपारी त्याच सभागृहात कार्यक्रम आहे," तो म्हणाला. "ती बाई येणार आहे. पुढची पाच वर्षं मला ठेवायचं की नाही, ते ती ऐकून ठरवणार. मी सभागृहाच्या मॅनेजरला सांगितलंय, पियानो तूच लावणार. नाहीतर मी वाजवणार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उपकार करायला आलास?"

"नाही गं. माफी मागायला."

"मग माग."

"चुकलो मी."

"बरं. ऐकलं. मी ऐकलं, ह्या ओल्या टॉवेलने ऐकलं, नळाने ऐकलं. बोलायचं होतं तेव्हा आठशे लोक लागले तुला, आणि माफी स्वयंपाकघरात? ज्या माइकवर बोललास त्याच माइकवर सांग."

त्याची बोटं मांडीवर वाजवत होती, ती थांबली. त्याची बोटं थांबलेली मी लग्नातसुद्धा बघितली नव्हती. "ती समोर बसलेली असेल," तो हळूच म्हणाला. "तिला कळेल, मी त्या दिवशी चुकलो आणि वर खोटंही बोललो."

"कळेल."

त्याने उठून टपकणारा नळ घट्ट केला. मग तो म्हणाला, "सांगतो."

"आणि सांगितलंस तरी मी तुला घरात घेईनच असं नाही."

"ठाऊक आहे."

आता समोरच्याने सगळंच मुकाट्याने कबूल केलं तर माणसाने भांडायचं तरी कशावर? मी चहा टाकला. पण दूध माझं मीच तापवलं.

रविवारी सकाळी आठ वाजता मी त्या काळ्या पियानोचं झाकण उघडलं आणि मला रडू आलं. त्यात लाज कसली? माझ्यानंतरच्या माणसाने काम वाईट केलं नव्हतं, पण घाईने केलं होतं, ते तारांवरच्या धुळीवरून कळत होतं. मी चार तास मान वर केली नाही. बारा वाजता तो आला, न बोलता जमिनीवर मांडी घालून बसला आणि पाचरींची डबी मांडीवर घेतली. लग्न झालं तेव्हा असंच करायचा. मी हात मागे केला की हातात पाचर, काढली की परत डबीत. त्याला सांगावं लागत नसे. आजही एकदा मी मुद्दाम हात मागे केला नाही, तरी त्याने पाचर पुढे धरलीच, आणि ती माझ्या आधी त्याच्या लक्षात आलेल्या सुरासाठी होती. काम संपल्यावर मी मोजल्या. सात.

साडेतीनला स्टेजवरचे मोठे दिवे लागले. दिवे तापले की तारा थोड्या सैलावतात, म्हणून शेवटी एकदा कान द्यावाच लागतो. उजव्या हाताचा एक सूर किंचित उतरला होता. बाहेर लोक दाराशी आले होते. मी एक पाचर घेतली, खोचली, तार ताणायची चावी केसभर फिरवली. सूर जागेवर आला. आणि नेमका तेव्हा तो जमिनीवरूनच म्हणाला, "मी परत येऊ का? आजच असं नाही. पण कधीतरी?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. 'हो' ओठांवर आला आणि 'नाही'ही आला, दोघे दारात अडकले. तेवढ्यात मॅनेजर ओरडला, "दारं उघडतोय!" मी डबी पिशवीत कोंबली आणि पडद्याआड पळाले. तुम्हाला कळलंच असेल काय झालं ते. मला नाही कळलं.

"पहिलं गाणं वाजवून घेतो," तो म्हणाला होता, "मग बोलतो. आधी बोललो तर हात थरथरतील." मी बरं म्हटलं. सभागृह भरलं. पहिल्या रांगेत कंपनीची बाई, मांडीवर वही. तिसऱ्या रांगेत बाबा, त्यांचं टक्कल मला पडद्याच्या फटीतून दिसत होतं.

त्याने सुरुवात केली. संथ, सोपी धून. आणि चौथ्या की पाचव्या सुराला मी कान टवकारले. तो सूर वाजलाच नाही धड. तिनातल्या दोन तारा दबलेल्या, तिसरी एकटी सर्दी झाल्यासारखी नाकात बोलली. तिसऱ्या रांगेतलं टक्कल ताडकन वर झालं. मी पिशवीतून डबी काढली. मोजल्या. सहा.

अरे देवा!

धून त्याच सुरावर पुन्हा पुन्हा येत होती. तो प्रत्येक वेळी नाकात बोलायचा. नवऱ्याने एकदा आत नजर टाकली आणि मला कळलं, त्याला पाचर दिसली. दोन हातांवर होती. थांबून काढता आली असती. पण थांबून पियानोत वाकायचं म्हणजे तीन वर्षांपूर्वी केलं तेच पुन्हा करायचं. तो थांबला नाही. त्या सुराला वळसा घालून जाऊ लागला, शेजारच्यावर उतरू लागला, आणि धून लंगडायला लागली. ऐकवत नव्हतं. कंपनीच्या बाईने वहीत काहीतरी लिहिलं. गाणं संपलं तेव्हा टाळ्या पडल्या त्या नुसत्या रीतीला धरून.

तो उठून माइकपाशी आला. मी मनात म्हटलं, संपलं. आज तर त्याच्या हातात खरंच निमित्त आहे. पियानो खरंच बिघडलेला, लावणारी खरंच बायको. नुसतं बोट दाखवलं की झालं. आजचं निस्तरेल आणि तीन वर्षांपूर्वीचंही खरं ठरेल. वर खोटं बोलल्याचं पापही नाही.

"तीन वर्षांपूर्वी मी इथे म्हणालो होतो की पियानोची तब्येत बरी नाही," तो म्हणाला. "पियानो ठणठणीत होता. माझं बोट घसरलं होतं आणि ते सांगायची माझ्यात हिंमत नव्हती. जिने पियानो लावला होता तिचं काम गेलं आणि माझं नाव झालं." सभागृहात कोणीतरी खोकलं. कंपनीच्या बाईचं पेन थांबलं होतं. तो पुढे म्हणाला, "आणि मघाशी जो सूर तुम्हाला खटकला, तोही माझाच. बोट नीट पडत नव्हतं. पियानो आजही ठीक आहे."

अर्धं खरं आणि अर्धं सपशेल खोटं! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंडाने मी म्हणत होते, गाढव आहेस, गाढव!

आता मला फक्त गप्प उभं राहायचं होतं. बाकी काही करायचं नव्हतं. माझं नाव आत्ताच, आठशे लोकांसमोर, लख्ख धुऊन मिळालं होतं. पडदा जाड होता. मला कोणी बघितलं नव्हतं. मध्यंतरात हळूच जाऊन पाचर काढली असती तर बाबांशिवाय कुत्र्यालाही कळलं नसतं. आणि खोटं सांगत नाही, मी उभी राहिले. दहा सेकंद असतील, पंधरा असतील.

तीन वर्षं मी समजत होते की त्या दिवशी त्याने विचार करून, हिशेब मांडून माझा बळी दिला. तसं काही नसतं. समोर लोक असतात, छातीत धडधडत असतं, आणि माणूस पहिली सापडेल ती आडोशाची जागा धरतो. त्याला तेव्हा ती जागा माझ्यामागे सापडली. मला आत्ता त्याच्यामागे सापडली होती. एवढाच काय तो आमच्यात फरक.

मग मात्र मी निघाले. अंगात कामाचा एप्रन, केस पिंजारलेले, नाक लाल. त्या दिव्यांत आल्यावर कळलं की तिथून समोरचं माणूस दिसत नाही, नुसता श्वास ऐकू येतो. मी पियानोत वाकले, पाचर उपटली आणि माइकपाशी गेले. नवरा डोळ्यांनी 'नको, नको' करत होता. त्याला बाजूला सारलं.

"हे रबर आत राहिलं होतं," मी पाचर वर धरून म्हटलं. "माझ्या हातून. ह्याच्या बोटाला काही झालेलं नाही." मग वाटलं, उगाच जास्त उदार कशाला व्हा? "तीन वर्षांपूर्वीचं मात्र ह्याचंच होतं."

आणि मग सगळं सभागृह हसलं. मी ते हसणं तीन वर्षं कानात घेऊन फिरले होते, म्हणून सांगते, हे ते नव्हतं. दिव्यांची सवय झाल्यावर तिसरी रांग दिसली. बाबा तेवढे हसत नव्हते. त्यांनी दोन्ही हात वर केले होते. एका हाताची पाच बोटं, दुसऱ्याची दोन. सात! मोजायच्या असतात, सात!

"पहिल्यापासून वाजवू का?" नवऱ्याने लोकांना विचारलं, आणि वाजवलं. तो सूर आला तेव्हा त्याने पडद्याकडे बघितलं. मी कशी दिसत होते मला ठाऊक नाही, पण त्यानंतर तो जे काही वाजवत सुटला ते मी रेडिओवरही कधी ऐकलं नव्हतं. लांबण लावलीच. लावू दे म्हटलं.

सहा वाजता सभागृह रिकामं झालं. मी डबी उघडून स्टेजच्या कडेवर बसले. मॅनेजर धावत आला. "बाई गाडीपाशी थांबल्यात, लवकर चला, त्यांना विमान गाठायचंय!" पूर्वीचा तो असता तर बूट न घालता धावला असता. तो माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "येतो. हिचं मोजून होऊ दे."

मॅनेजर कपाळाला हात लावून गेला. मी मुद्दाम सावकाश, मोठ्याने मोजल्या. सात. डबी बंद केली.

"मघाशी मी काहीतरी विचारलं होतं," तो म्हणाला.

"मी काम करत असताना विचारलंस. म्हणून तर एवढं रामायण झालं."

"आता काम झालं."

तीन वर्षांत मी ह्याच्यासाठी किती सुरेख, किती झोंबणारी वाक्यं तयार करून ठेवली होती, त्यातलं एक आठवेना. मला हा माणूस हवा होता. रागातसुद्धा हवा होता, तेच तर दुखणं होतं. "बॅग कुठे आहे तुझी?" मी विचारलं.

"हॉटेलवर."

"घेऊन ये. लिफ्ट बंद आहे, चार मजले चढायचे, मी हात लावणार नाही. आणि दुधाला तू हात लावायचा नाहीस."

मी पत्र्याची डबी त्याच्या हातात दिली. "ही घरी घेऊन ये. मला बाबांना सोडायचंय." बाबांशिवाय आणि माझ्याशिवाय ती डबी आजवर कोणी घरी नेली नव्हती, आणि हे त्याला ठाऊक होतं.

तो पायऱ्या उतरून दारापर्यंत गेला. गाडी बाहेर उभी होती, हॉर्न वाजत होता. तो दारात थांबला, डबी उघडली आणि बोटाने एकेक बाजूला करत मोजायला लागला.